दोन तास दहा मिनिटांची आत्या

पुढचेसाहेबांनी फोन उभा करायचा एक स्टँड विकत आणला आणि तिथून सगळं सुरू झालं. स्टँड साधा, तीन पायांचा. त्यातला एक पाय पहिल्याच दिवशी ढिला झाला. पण हातात स्टँड आला की माणसाला काहीतरी शूट करावंसं वाटतं, आणि त्यांच्या घरात एका जागी स्थिर बसणारं असं एकच माणूस होतं. ती म्हणजे त्यांची आत्या, वय वर्षं चौऱ्याऐंशी.

पुढचे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत ते सव्वीस वर्षं बसत होते आणि दिवसातून चारशे वेळा "पुढचे" म्हणत होते, म्हणून बरोबरच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. समोरच्याने "अहो, ती साडेपाचची" एवढं म्हणायचा अवकाश, की हे "फलाट सात, वीस मिनिटं उशिरा, पुढचे" म्हणून मोकळे. प्रश्न पुरता ऐकून घ्यायची त्यांना गरजच पडत नसे आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. (एकदा एका बाईंना त्यांनी शेवटच्या मुक्कामाच्या गाडीत बसवून दिलं. बाई बिचाऱ्या पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे, एवढंच विचारत होत्या.)

दर शनिवारी रात्री आठ वाजता घरात टीव्हीवर पूर्वजांचा कार्यक्रम लागायचा. त्यात कोणीतरी प्रसिद्ध माणूस एका जुन्या दफ्तरखान्यात जातो, हातात पांढरे मोजे घालतो, एक जाडजूड वही उघडतो आणि बोट एका ओळीखाली थांबतं. मग संगीत. मग तो माणूस तोंडावर हात ठेवतो. हा तोंडावरचा हात पाहायलाच सगळं घर जमायचं. बायकोला तो माणूस रडायला हवा असे. पाणी नुसतं डोळ्यांत येऊन थांबलं, तर तिला तो भाग फुकट गेल्यासारखा वाटे. कॉलेजातल्या मुलीला भानगड हवी असे, निदान पणजोबांची दुसरी बायको तरी. खुद्द पुढचेसाहेबांना हवं असे ते शेवटचं वाक्य, "म्हणूनच मी असा आहे!" आपण असे का आहोत, याचा ठपका ठेवायला एखादा खापरपणजोबा सापडला की माणूस किती हलका होतो, असं त्यांना वाटे.

आत्याला यातलं काहीच नको असायचं. ती दर शनिवारी, नेमकी बोट थांबलं की, विचारायची, "याला हे घरात कोणी सांगितलं नव्हतं का रे?"

"आत्या, गप्प. तो आता रडणार आहे," असं पुढचेसाहेब म्हणायचे, आणि आत्या गप्प बसायची.

तर स्टँड आला आणि पुढचेसाहेबांनी जाहीर केलं की आपल्या घराण्याचाही एक भाग व्हायला पाहिजे. वरवर हा हौसेचा मामला होता. आत मात्र एक जुनं कुसळ होतं. त्यांच्या वडिलांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, चाळीस वर्षांचं. पुढचेसाहेबांना खिडकीतल्या नोकरीचं पत्र आलं, त्याच दिवशी वडिलांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, ते पुन्हा कधी वर केलं नाही. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, जेवले, पेपर वाचला, पण दुकानाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मुलानेही विचारलं नाही. बाप आपल्यावर रागावून गेला, असं धरून तो चालला होता. अख्ख्या स्थानकाला उत्तरं देणाऱ्या या माणसाला घरात एक प्रश्न विचारायचं धाडस झालं नव्हतं. आता उत्तर ठाऊक असणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते बाल्कनीशेजारच्या खोलीत बसून शेंगा सोलत होतं.

रविवारी दुपारी चार वाजता चित्रीकरण सुरू झालं. बायको शिलाईमशीनवर होती, मुलगी बाहेर गेली होती. आत्याने धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि ती खुर्चीत ताठ बसली होती.

"काय सांगू?" आत्या म्हणाली. "तुझ्या बापाचं सांगते. त्या दुकानाचं."

पुढचेसाहेबांच्या छातीत धस्स झालं. (ज्यासाठी मांडव घातला तेच दारात उभं राहिलं की असं होतं.) ते घाईने म्हणाले, "ते शेवटी. कार्यक्रमात आधी सगळ्यात जुना माणूस घेतात. खापरपणजोबा."

"ते सुतळी वळायचे."

"राजवाड्यासाठी?"

"बकऱ्या बांधायला."

"बरं, पण कधी घरातून पळून गेले होते का? एखादं भांडण, खटला, दुसरं घर?"

"नाही रे. चांगले होते. म्हणजे मी कुठे पाहिलंय, पण चांगलेच असणार. एकदा काय झालं म्हणे..."

"एकदा म्हणजे कोणत्या साली?"

"साल मला काय ठाऊक? एकदा काय झालं..."

"अंदाजे तरी. प्रेक्षकांना साल लागतं."

आत्याने दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग पणजोबा आले, पणजी आली, आणि पणजीची तीन मुलं एका आठवड्यात तापाने गेली, असं आत्या सांगू लागली. पुढचेसाहेब पुढे सरकले. "इथे जरा रडू आलं तर फार बरं होईल, आत्या."

"कोणासाठी?"

"प्रेक्षकांसाठी."

"प्रेक्षक कोण?"

"आपणच."

"मग तूच रड," आत्या म्हणाली.

दीड तासाने उजेड कमी पडू लागला. पुढचेसाहेब शेजारच्या शिक्षकांकडे टेबलावरचा दिवा मागायला गेले. शिक्षकांना त्यांनी चित्रीकरणाची सगळी हकीकत सांगितली, म्हणून चार मिनिटं लागली. परत येऊन दिवा लावला आणि आणखी अर्धा तास आजोबांवर घालवला. शेवटी आत्या म्हणाली, "आता ते दुकानाचं." पण फोनची बॅटरी संपत आली होती आणि पुढचेसाहेबांचं धैर्य तर केव्हाच संपलं होतं. "तो आपला दुसरा भाग," ते म्हणाले. "त्यासाठी वेगळा दिवस ठेवू."

आत्या म्हणाली, "बरं."

दुसऱ्या भागासाठी त्यांनी पांढरे मोजेसुद्धा आणले. पण एका रविवारी गाड्यांचं नवं वेळापत्रक आलं, एका रविवारी स्टँडचा पाय निघाला आणि तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी आत्या उठली नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. पुढचेसाहेबांनी त्यांचंही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "माहीत आहे," म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

महिन्याभराने, शनिवारी संध्याकाळी, कार्यक्रमाला अजून तीन तास होते तेव्हा मुलीने ते चित्रीकरण लावलं. आत्याचा आवाज ऐकावा, एवढीच तिची इच्छा होती. ऐकू येत होते ते पुढचेसाहेब. दोन तास दहा मिनिटांत आत्या म्हणजे "अरे ऐक तर", "एकदा काय झालं" आणि "बरं". खापरपणजोबांचं एकदा काय झालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुरुवातीला बायकोला हसू आलं. मग तिचं हसणं थांबलं. पुढचेसाहेबांनी सव्वीस वर्षांत स्वतःला खिडकीच्या त्या बाजूने कधी ऐकलं नव्हतं. माणसं आपल्या खिडकीवरून इतक्या चटकन का निघून जातात, ते त्यांना आज कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

पण दीड तासाच्या सुमारास दार लागल्याचा आवाज आला. पुढचेसाहेब दिवा आणायला गेले होते आणि फोन चालूच राहिला होता.  आत्याने पदर नीट केला, दाराकडे पाहिलं आणि मान पुढे काढून थेट फोनशी बोलू लागली.

"गेला वाटतं. बरं झालं. हे तू मागाहून ऐकशील ना रे, तेव्हा तरी तुला मध्ये बोलता येणार नाही. तर ऐक. तुला वाटतं तुझ्या बापाने रागाने दुकान बंद केलं. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या तोंडावर दिसतं ते. रागाने नाही रे. त्या दिवशी तो शटर ओढून आधी माझ्याकडे आला. हातात तुझं ते पत्र होतं, माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. तुला तर ठाऊक आहे त्याचं, एक शब्द काढायला अर्धा तास. मी थांबले. त्याच्यापाशी थांबावंच लागायचं. मग म्हणाला, ताई, आपल्या पोराला सांग, मी दुकान बंद केलं ते..."

दार वाजलं. "थांब, आत्या, थांब. दिवा आणलाय. हां, आता बघ कशी उठून दिसतेस. तर आपण आजोबांवर होतो."

आत्या दिव्याकडे पाहत होती. "बरं," ती म्हणाली.

पुढचेसाहेबांनी ती चार मिनिटं पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी, दार वाजायच्या आधी, त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि पुटपुटले, "येऊ नकोस." पण ते आलेच, दिवा घेऊन, आणि "थांब, आत्या, थांब" म्हणालेच. राग नव्हता, एवढं हाती लागलं होतं. काय होतं, ते आत्याबरोबर गेलं. वर्षानुवर्षं जे कुसळ सलत होतं ते निघालं, पण जागा रिकामी राहिली, आणि ती जास्त दुखत होती.

बायकोने फोन उचलून बाजूला ठेवला. पुढचेसाहेब खुर्चीत तसेच बसून होते. त्यांचा हात कधी तोंडावर गेला ते त्यांना कळलंच नाही. टीव्हीवरचे लोक ठेवतात तसाच हात होता, आणि पाणीही नुसतं डोळ्यांत थांबलेलं नव्हतं.

मुलगी जवळ आली.  "बाबा, तुला..."

"माहीत आहे," पुढचेसाहेब म्हणाले, "रडलो तेव्हा कॅमेरा बंद होता."

"रुमाल देऊ का, विचारत होते," मुलगी म्हणाली.