निळ्या रंगाचे तीन हात

मगरिबची अजान झाली, अंधारून यायला लागलं, तरी अम्म बयूमीच्या, म्हणजे बयूमीकाकांच्या, गच्चीवर अकराच्या अकरा कोंबड्या बाहेरच. चार टीव्हीच्या तबकडीवर, तीन पाण्याच्या टाकीच्या कडेवर, दोन कठड्यावर, एक शिडीवर आणि सगळ्यांत थोरली तांबडी थेट बयूमीच्या खुर्चीत. खुराडं तेवढं रिकामं.

"अगं बायांनो, जा की आत!" बयूमी झाडू हातात धरून काकुळतीला आला होता. "मी हात जोडतो तुमच्यापुढं. घर तुमचंच आहे ना?"

तांबडीनं मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कठड्याच्या पलीकडं काणा बोका मिश्या चाटत बसला होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

बयूमीची बायको इन्साफ दहा दिवसांपूर्वी पोर्ट सईदला लेकीकडं गेली होती. रबाबला पहिलं बाळ झालं होतं, आणि बाळंतिणीजवळ आईनं चाळीस दिवस राहायचं ही रीतच. निघताना पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "परत आले की अकरा मोजून घेईन. एक जरी कमी भरली ना, तर बघ. रोज अंधार पडायच्या आत खुराड्यात घालायच्या आणि कडी लावायची. कळलं?"

"आणि मी?" बयूमीनं विचारलं होतं.

"तुला कोण बोका नेतोय?" असं म्हणून ती जिना उतरून गेली.

रेल्वेच्या यार्डात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस. बायको चार दिवस बाहेर गेली म्हणून आपलं काही अडणार नाही, अशी त्याची खात्री होती. पहिल्याच सकाळी त्यानं चहा केला तो दोन पेले. दुसरा पेला समोर ठेवून कितीतरी वेळ तो नुसता बघत बसला. पहिल्या रात्री उशी उचलून बैठकीतल्या दिवाणावर आला, तो रोज तिथंच झोपू लागला. कुणी विचारलंच तर पंख्याचं कारण तयार ठेवलं होतं. खरं म्हणजे पलंग एकाएकी फार रुंद झाला होता.

संध्याकाळी इन्साफचा फोन येई. बयूमी तासभर आधीपासून फोन मांडीवर घेऊन बसे.

"आत गेल्या का?"

"गेल्या."

"काळी खोकत होती, ती बरी आहे?"

"बरी आहे. मला मात्र जरा..."

"बाळ उठलं रे. ठेवते." की संपलं! कोंबडीच्या खोकल्याची चौकशी होते आणि नवऱ्याची होत नाही, हे त्याला फार लागलं. पण सांगणार कुणाला?

पाचव्या दिवशी शेजारच्या गच्चीवरून उम्म सबरी, म्हणजे सबरीची आई, डोकावली. "किती गुबगुबीत झाल्यात हो कोंबड्या, अम्म बयूमी! आणि अंडी तरी केवढाली!"

एवढं बोलली आणि माशाल्ला न म्हणता खाली निघून गेली. बयूमीनं लगेच कोंबड्या मोजल्या. नजर लागली, आता काय राहिलं? निळ्या रंगापुढं नजर चालत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय 'खुराडं रंगव, खुराडं रंगव' म्हणून इन्साफ तीन वर्षं मागं लागली होती. ती आल्यावर बघेल, कमरेवर हात ठेवून म्हणेल, 'अरे वा!' तेवढ्या एका 'अरे वा'साठी बयूमीनं निळ्या तेलरंगाचा मोठा डबा आणला. भिंती, दार, छप्पर, आतल्या बसायच्या दांड्या, काही म्हणता काही सोडलं नाही.

त्या संध्याकाळी तांबडीनं दारातून मान आत घातली, तशीच बाहेर काढली आणि जाऊन बसली टाकीवर. तिच्यामागून बाकीच्या दहा. बयूमीनं दोघींना धरून आत ढकललं, तर त्यांनी आळी गोळा होईल असा आरडाओरडा केला. त्यानं घाबरून दार उघडलं, तेव्हा दोघी निळ्या पायांनी बाहेर आल्या. शेवटी एकेकीला काखोटीला मारून खाली नेलं आणि स्वयंपाकघरात कोंडलं.

"बापरे! म्हणजे नजर चांगलीच मुरलेली दिसते," तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं रंगाचा दुसरा हात मारला. तरी कोंबड्या ढिम्म. मग तिसरा हात मारला. कोंबड्या आता खुराड्याच्या चार पावलं लांबूनच वळसा घालू लागल्या.

नवव्या दिवशी उम्म सबरी पांढरी चादर घेऊन दारात हजर. चादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी पावलं.

"हे काय आहे, अम्म बयूमी?"

"धुऊन देतो, ताई. चूक झाली. पण मी तरी काय करू? चार दिवस झाले, खुराड्यात पाय ठेवायला तयार नाहीत. नाकी नऊ आणलेत."

उम्म सबरी विरघळली. "अहो, झुरतात त्या! इन्साफच्या हातची सवय आहे ना त्यांना. माझ्या सासूची बकरी अशीच. सासू हजला गेली तर बकरीनं तोंडात काडी घेतली नाही. मुकं जनावर, बोलता येत नाही, मग असं करतं."

बयूमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच की! आठवण येते बिचाऱ्यांना. घराबाहेर काढलेल्यासारखं वाटतं, कुठं बसावं कळत नाही, आपली जागा आपली वाटत नाही. हे दुखणं त्याला इतकं ओळखीचं वाटलं, की कोंबड्यांवरचा सगळा राग गेला. त्या रात्री तांबडीला उचलून नेताना तो तिच्या कानाशी म्हणाला, "अजून तीस दिवस आहेत गं. कसं व्हायचं आपलं?"

दहाव्या दिवशी, म्हणजे आमची गोष्ट सुरू झाली त्या संध्याकाळी, विनवण्या करून थकल्यावर त्याला नामी युक्ती सुचली. खाली जाऊन त्यानं इन्साफचा फुलाफुलांचा झगा अंगात चढवला. खांद्याशी टर्रकन आवाज झाला, तिकडं दुर्लक्ष केलं. डोक्याला तिचा रुमाल बांधला. रुमालाला तिच्या साबणाचा वास असणार, पण बयूमीचं नाक यार्डातल्या डिझेलच्या धुरानं केव्हाच कामातून गेलेलं. तरी त्यानं तो क्षणभर तोंडावर धरला. मग गच्चीवर जाऊन, जमेल तेवढा बारीक आवाज काढून, तिच्यासारखी हाळी घातली, "ती-ती-ती! या गं माझ्या पोरींनो!"

तांबडीनं डोळे उघडले. ती खुर्चीतून उतरून दोन पावलं पुढं आली. बयूमीचा जीव सुपाएवढा झाला. आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला उम्म सबरी आली. बयूमी चटकन टाकीमागं दडला.

आता दडला नसता तर काय बिघडलं असतं? हसली असती बाई, संपलं असतं. पण दडला. बायको परगावी, घरात तिचाच झगा घातलेली धिप्पाड बाई, आणि माणसाची चाहूल लागताच लपते! उम्म सबरीनं दोरीवरचे कपडे तिथंच सोडले आणि ती फोनकडं पळाली.

त्या संध्याकाळी इन्साफचा फोन आला नाही. बयूमीनं केला, तिनं उचलला नाही. तो फोन उशाशी घेऊन रात्रभर जागा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली. ती पावलं त्यानं हजार बायकांत ओळखली असती. धावत जाऊन दार उघडलं.

"इन्साफ! तू आलीस!"

"सरक बाजूला. कुठंय ती?"

"ती? तांबडी? वर आहे."

"तांबडी!" इन्साफनं कपाळावर हात मारून घेतला. "लाडाचं नाव ठेवण्यापर्यंत मजल गेली!"

ती आधी झोपायच्या खोलीत शिरली. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग पलंगाकडं बघत जरा थांबली. स्वयंपाकघरात गेली आणि तिथली घाण बघून किंचाळली. बैठकीत आली, तर खुर्चीवर तिचा झगा. तो उचलला. दोन्ही खांदे उसवलेले, आणि गळ्याशी अडकलेला पांढऱ्या मिशीचा एक केस.

इन्साफनं तो केस उजेडात धरला. मग नवऱ्याच्या मिशीकडं पाहिलं.

"अरे माणसा," ती हळूच म्हणाली, "ती बाई तू?"

बयूमीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. कोंबड्या कशा झुरल्या, तिच्यावाचून त्यांना खुराडं कसं नकोसं झालं, म्हणून झगा कसा घातला. ती हसली नाही, की रागावलीही नाही. गच्चीवर गेली, खुराड्याचं दार उघडलं आणि नाकाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून तीन पावलं मागं सरली.

"किती वेळा रंगवलंस हे?"

"तीनदा. आवडलं का?"

"तीनदा! अरे, तेलरंगाच्या वासानं माझं डोकं गरगरतंय! त्या बिचाऱ्या कशा झोपतील आत? दांड्या अजून चिकट आहेत, बघ! कसली आठवण नि कसलं काय! कोंबड्यांना काडीचीही आठवण आली नाही माझी."

बयूमी कठड्याला टेकून उभा राहिला. "कोंबड्यांना नसेल आली," तो पुटपुटला.

इन्साफ त्याच्याकडं वळली. "पलंगावरची चादर मी घालून गेले तशी आहे," ती म्हणाली. "सुरकुतीसुद्धा नाही. उशी तुझी दिवाणावर. कोंबड्यांना रंगाचा वास आला, हे कळलं मला. पण पलंगाला कुठला रंग लावला होतास रे?"

"पंखा..." बयूमीनं सुरुवात केली. मग म्हणाला, "नाही करमत गं. घर खायला उठतं."

इन्साफनं खाली जाऊन चहा ठेवला. दोन पेले.

ती तीन दिवस राहिली. दांड्या काढून नव्या ठोकून घेतल्या, खुराड्याचं दार दिवसभर सताड उघडं टाकलं. तिसऱ्या संध्याकाळी तांबडी मान आत घालून, जरा विचार करून, आत गेली आणि तिच्यामागून दहा जणी. काणा बोका उठून दुसऱ्या गच्चीवर गेला. सकाळी इन्साफ निघाली. लेकीचे चाळीस दिवस पुरे करायला हवे होते. बयूमी पिशवी घेऊन जिन्यापर्यंत आला, पण पिशवी काही त्याच्या हातून सुटेना.

"अकरा आहेत. मोजल्यात मी," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरली आणि मागं न बघता थांबली. "डब्यात थोडा रंग उरलाय. खुराड्याच्या दाराची आतली बाजू नीट झालेली नाही."

"बरं. राहू दे."

"राहू दे काय? पुढच्या बुधवारी मार एक हात," इन्साफ म्हणाली. "गुरुवारी येते मी, कोंबड्या का रुसल्या ते बघायला."