गावंडे मास्तरांची उंच गाडी

आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, की गावंडे मास्तर त्यांना नमस्कार करण्याआधी त्यांच्या गाडीखाली वाकतात. वाकून भागलं नाही तर रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून सरळ उताणे झोपतात. पाहुण्यांना वाटतं, म्हातारा चक्कर येऊन पडला. ते पाणी आणायला धावणार, तेवढ्यात गाडीखालून आवाज येतो, "पोट घासते काय हो इचं?"

मास्तर सत्तरी ओलांडलेले, लग्न न केलेले, धारणीच्या पलीकडे एका आश्रमशाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. माणसांबद्दल त्यांचं मत विचारलं तर "असन" एवढंच म्हणतात. गाड्यांबद्दल विचारावं लागत नाही.

माझ्या भाचीला पाहायला दर्यापूरची मंडळी आमच्याकडे आली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलीला प्रश्न विचारून झाले. निघताना पाहतो तर मास्तर त्यांच्या जीपखाली. बाहेर आले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "मागचा पाटा तडकला हाये. घरातल्या कोनाचंच लक्ष नाई वाटते." वडिलांचा चेहरा उतरला. माझी बहीण पदर तोंडाला लावून आत पळाली. पण मुलगा कडक इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरला आणि दोघं बराच वेळ आत काहीतरी बोलत राहिले. बाहेर आल्यावर मास्तर माझ्या कानात म्हणाले, "देऊन टाका पोरगी. पोरगा खाली आला."

दिली. सुखात आहे.

मास्तरांची स्वतःची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून निघून अनेक हात बदललेला छोटा ट्रक. चारही चाकांना जोर, रंग एकेकाळी हिरवा, आवाज असा की सुरू झाला की गल्लीतली दुपारची झोप संपली. मागच्या उन्हाळ्यात मास्तरांनी मला कुंपणावरून सांगितलं, "गाडी उचलून राहिलो."

मला वाटलं, भंगारात देतात. मनातून बरंही वाटलं. पण उचलणं म्हणजे वेगळंच निघालं. चाकांच्या वर धनुष्यासारखे वाकवलेले पोलादी पट्टे असतात, एकावर एक रचलेले. तेच पाटे. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. जुने, बसलेले पाटे काढायचे आणि जास्त कमानीचे घालायचे, की गाडी वीतभर वर येते.

"पण काहून?" मी विचारलं.

"पोट घासते," मास्तर म्हणाले आणि घरात गेले.

हे काम अकोल्याच्या युसूफभाईंकडे. युसूफभाई मास्तरांचे जुने मिस्त्री, दोघांचं नातं नवरा-बायकोसारखं, म्हणजे बोलणं कमी आणि त्यातलं निम्मं भांडण. मलाही रविवारी सोबत नेण्यात आलं. युसूफभाईंनी ट्रककडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, गाडी उचलनं सोपं हाये. उचललेली गाडी चालवनं मुश्किल. चाकं फिरवनाऱ्या शाफ्टचा कोन बदलते, ब्रेकची नळी अपुरी पडते. या उमरमंदी कुठं जायाचं हाय तुमाले?"

"जायाचं हाय."

"आरामात बसा ना घरी. टीव्ही पाहा."

"युसूफ, तू पाटे टाक. मले शायनपना शिकवू नको."

पुढचे पाटे तयार नव्हते, म्हणून त्या दिवशी फक्त मागचे बसले. ट्रक परतला तो मागून उंच, पुढून खाली, गव्हाणीत तोंड घातलेल्या म्हशीसारखा. अकोला ते अमरावती मी सीटवरून सतत घसरत होतो आणि काचेला हात लावून स्वतःला अडवत होतो. आठवडाभर गल्लीतले लोक त्या म्हशीजवळ उभं राहून फोटो काढत होते. मास्तर शांत.

पुढचे पाटे बसल्यावर गाडी सरळ झाली, पण आता ती शेडमध्ये मावेना. मास्तरांनी शेडचं छप्पर काढून टाकलं. मग वेग घेतला की गाडी थरथरायला लागली. पुन्हा अकोला. युसूफभाईंनी शाफ्टचा कोन सुधारला, लांब नळी घातली, आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात खुदाची माफी मागितली. नवे पाटे इतके कडक, की सुपारीवरून चाक गेलं तरी कमरेला कळावं. बायको म्हणाली, "म्हाताऱ्याला वेड लागलंय." मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवाळी झाली आणि मास्तर कुंपणाशी आले. "उद्या धारणीकडं जातो. येता काय? मांगं धरून बसाले कोनी पायजे."

कोणाला धरून, हे त्यांनी परतवाड्याच्या पुढे, घाट लागल्यावर सांगितलं. तेही रस्त्याकडे बघत.

आश्रमशाळेत सुकायबाई नावाची कोरकू बाई स्वयंपाक करायची. मास्तर नवे असताना त्यांना मलेरिया झाला. घरून कोणी येणार नव्हतं. सुकायबाईने त्यांना आपल्या झोपडीत नेलं, कुटकी या भरडधान्याची पेज पाजली, बरं केलं. तेव्हापासून ती मावशी. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गावाच्या अलीकडे एक नाला, त्यात बैलाएवढे दगड, सगळ्या गाड्या अलीकडेच थांबतात. मावशी खाटेवर बसून नाला ओलांडायला तयार नव्हती. "खाटेवरून मेलेल्याला नेतात," म्हणायची. अँब्युलन्समध्ये नवरा गेला तो परत आला नाही, म्हणून तीही नको. मास्तरची गाडी दारात आली तर ऑपरेशनला येईन, हा तिचा हट्ट.

"मांगच्या साली गेलो होतो," मास्तर म्हणाले. "नाल्यात दगडावर गाडी बसली. चाकं हवेत फिरून राहिली. बैल लावून मांगं वढली. मावशी पलीकडं नवं लुगडं नेसून बसली होती. तिले दिसत नाई, पन आवाज येते ना. मी परत चाललो, हे तिले आवाजावरून समजलं."

 

नाल्यात मास्तरांनी गाडी माणूस चालावा इतकी हळू घातली. एकेक चाक दगडावर चढत होतं, उतरत होतं, पाटे करकरत होते. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो.

मावशी दारातच होती. वाळलेल्या काटकीसारखी, पण आवाज खणखणीत. तिला गाडीपाशी आणलं, आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की गाडी फार उंच झाली आहे. मावशीने हाताने चाचपडून पाहिलं. पायरी तिच्या कमरेच्या वर.

"मास्तर, हे गाडी आणली का मचान?"

मास्तरांनी चिखलात एक गुडघा टेकला, दुसरी मांडी पुढे केली आणि तिचा पाय स्वतःच्या हाताने मांडीवर ठेवला. मी वरून धरलं. ती चढली. वाटेत मी तिला मागून धरून बसलो. प्रत्येक खड्ड्याला ती मास्तरांना कोरकूत एक शब्द ऐकवायची. मास्तर हसायचे. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

अमरावतीत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एकामागून एक. तोवर मावशी मास्तरांकडेच राहिली. शेवटची पट्टी निघाली तेव्हा तिने मास्तरांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तू तर पार बुढ्ढा झाला रे!" ती जाईपर्यंत पहाटे भाकरी थापल्याचा आवाज भिंतीतून आमच्याकडे यायचा. पाठोपाठ मास्तर बोलायचे. एवढे शब्द त्यांच्याकडे होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग ती गावाला जायचं म्हणू लागली. मास्तर तिला एकटेच सोडून आले.

त्या संध्याकाळी ट्रक गल्लीत आला, बंद झाला, पण मास्तर उतरले नाहीत. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. मग आमच्या दारात आले. बायको पोळ्या लाटत होती. मास्तरांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

"वहिनी," ते म्हणाले, "आज तुमच्याकडं जेवू काय? तिकडं चूल लई थंडी पडली हाये."

बायकोने लाटणं खाली ठेवून पाट मांडला.