सामानाजवळ कोण?

कोणत्याही सुसंस्कृत कुटुंबाचं समुद्रस्नान सामानाजवळ बसलेल्या माणसाच्या भरवशावर चालतं. लाटा, वाळू आणि सूर्यास्त यांची सोय निसर्ग बघतो आणि त्याबद्दल त्याचं वारेमाप कौतुकही होतं. पण चपला, चष्मे, मोबाइल आणि परतीच्या विमानाची कागदपत्रं निसर्गाने आजवर एकदाही सांभाळलेली नाहीत. ती सांभाळणारी व्यक्ती नसती, तर मनुष्यप्राणी एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पाकीट धरून अजून लांबूनच पाण्याकडे बघत उभा राहिला असता.

या कुटुंबाकडे अशी व्यक्ती घरचीच होती. ती म्हणजे आत्या. (भावाच्या मुलांची आत्या, भाऊ-भावजयीची ताई. तिला तिच्या नावाने कुणी हाक मारल्याचं अलीकडे ऐकिवात नाही.) तिने लग्न केलेलं नव्हतं आणि बँकेच्या लॉकर विभागातून ती नुकतीच निवृत्त झाली होती. थोडक्यात, दुसऱ्यांच्या मौल्यवान वस्तूंजवळ बसण्याचा तिचा अनुभव तीस वर्षांचा. एवढ्या अनुभवी व्यक्तीला पाण्यात उतरवणं ही निव्वळ उधळपट्टी झाली असती.

घराकडे थंडीने हाडं गोठत होती, म्हणून भावाने सहकुटुंब उबदार समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये आठवडा काढायचं ठरवलं. (खोलीत शिरताच सगळ्यांना फार उकडलं, म्हणून एसी सोळावर लावण्यात आला आणि सगळे स्वेटर चढवून बसले.) आत्यालाही न्यायचं हे एकमताने ठरलं. तेवढाच ताईला बदल, असं भाऊ म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे नमूद करणं आवश्यक आहे, कारण या कथेत कुणीही वाईट माणूस नाही.

सामानाजवळच्या पदासाठी निवडणूक होत नाही. वाळूवर पोचल्यावर कुटुंबप्रमुख हवेला उद्देशून विचारतो, "सामानाजवळ कोण?" मग सगळे अत्यंत सभ्यपणे एकाच माणसाकडे बघत नाहीत. जिच्याकडे कुणीच बघत नाही, ती बिनविरोध निवडून येते. आत्या पहिल्याच दिवशी निवडून आली.

रिसॉर्टने किनाऱ्यावर लॉकर ठेवले होते. फुकट, आणि मनगटाला अडकवायची चावी. टॉवेल देणारा कर्मचारी रोज त्यांच्याकडे बोट दाखवायचा. पण लॉकरवर कुणी विश्वास ठेवायचा, असं भावजयीचं मत पडलं. लॉकर सुरक्षित असतात हे लोकांना पटवून देण्यात जिची सगळी नोकरी खर्ची पडली, ती आत्या सगळ्यांचे मोबाइल आणि विमानाची कागदपत्रं भरलेली पिवळी पिशवी मांडीवर घेऊन बसली.

आता एक गोष्ट, जी कुटुंबात कुणालाच माहीत नव्हती. आत्याला पोहता येत होतं. निवृत्तीनंतर ती रोज सकाळी 'फिरायला' जायची, ती प्रत्यक्षात सार्वजनिक तलावावर बायकांच्या वर्गाला. सुरुवातीला महिनाभर तिने नाकातोंडात पाणी घेतलं. मग एक दिवस पाण्याने तिला उचललं आणि ती कठडा सोडून पलीकडे गेली. हे घरी सांगायचं राहून गेलं, कारण घरी कुणी विचारलं नाही. तलावाच्या पलीकडच्या भिंतीला हात लावून वळताना तिला रोज एकच वाटायचं, ही भिंत नसती तर? त्या एका प्रश्नासाठी ती रिसॉर्टला आली होती. रोज सकाळी ती ढगळ झग्याच्या आत पोहण्याचा पोशाख घालायची आणि रोज संध्याकाळी तो कोरडाच्या कोरडा काढून ठेवायची.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्या दिवशी ती तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाला की, ताईला ऊन सोसत नाही, तिला छत्रीखाली बसू दे. दुसऱ्या दिवशी भावजय म्हणाली की, ताईंना शांतता आवडते. तिसऱ्या दिवशी भाचीने आत्याला पाण्याची भीती वाटते असं जाहीर केलं आणि भाच्याने त्याला दुजोरा दिला. अशा रीतीने आत्याच्या आवडीनिवडी तिला कसलीही तोशीस न पडता निश्चित झाल्या. (हे चौघे स्वतः गुडघाभर पाण्यात एकमेकांचे हात धरून किंचाळायचे. या प्रकाराला ते पोहणं म्हणत.)

गुणी माणसाची कीर्ती लपत नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या छत्रीतल्या जोडप्याने आपली बॅग आत्याच्या स्वाधीन केली, 'तुम्ही बसलाच आहात' म्हणून. पाठोपाठ एक कुबडी, एक गिटार, कवळीची डबी आणि एक झोपलेलं बाळ आलं. रिसॉर्टच्या मॅनेजरने स्वतः येऊन तिला मोठी छत्री दिली आणि दर हिवाळ्यात येत जा असा आग्रह केला. भावाचा ऊर अभिमानाने भरून आला. त्या दिवशी आत्याचा लॉकर विभाग पुन्हा सुरू झाला, फक्त पगार नव्हता.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी विमान होतं. बाकीचे पाहुणे अजून नाश्त्यावर तुटून पडले होते, त्यामुळे सामान फक्त घरचंच होतं. भाऊ म्हणाला, शेवटचं एकदा पाण्यात जाऊन येतो.

"मी पण येते," आत्या म्हणाली.

भाऊ हसला. तो प्रेमाने हसला. "आणि सामान?"

चौघे गेले. आत्या थोडा वेळ बसून राहिली. मग उठली. चपलांचे जोड, चष्मे आणि पिवळी पिशवी असं सगळं तिने लॉकरमध्ये नेऊन ठेवलं, चावी मनगटाला अडकवली, झग्याची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ती सरळ पाण्याकडे चालत गेली.

वाटेत कुटुंब लागलं. आत्याला उभी आणि चालती बघायची कुणालाच सवय नसल्यामुळे ती कुणालाही ओळखू आली नाही. भाऊ तर "सॉरी हं" म्हणून बाजूलाही झाला. ती त्याच्या पुढे कमरेपर्यंत गेली, छातीपर्यंत गेली, आणि मग तिने पाय सोडले. पाणी कोमट होतं. तिने हात मारले, पुन्हा मारले, आणि भिंत आली नाही. आत्याला इतका आनंद झाला की ती पाण्यातच एकटी हसली.

"आत्या आहे ती," भाची म्हणाली.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो गर्रकन वळला, समुद्राकडे नव्हे, किनाऱ्याकडे.

"मग सामानाजवळ कोण आहे?"

चौघे पाणी उडवत धावले. खुर्चीवर झग्याची घडी होती. पिवळी पिशवी नव्हती. भाऊ मटकन वाळूत बसला.

इथे चाणाक्ष वाचकाचाही जीव टांगणीला लागला असेल, म्हणून खुलासा करणं भाग आहे. पिशवी लॉकरमध्ये आहे, हे टॉवेलवाल्याने नुकतंच सांगितलं. चावी आत्याच्या मनगटाला आहे. आत्या बरीच आत गेली आहे. त्यामुळे चौघे आता काठावरून "ताई, सांभाळून!", "आत्या, परत ये!" असा कंठशोष करत आहेत; तिची इतकी काळजी त्यांना यापूर्वी कधीच वाटली नव्हती.

पिशवीची चौकशी करणाऱ्या सर्व वाचकांचे आभार. आत्याही ठीक आहे. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून शेवटी सांगितलं.