थरथर घालवणारे भालेरावकाका

आमचे शेजारी भालेरावकाका माणसाच्या आधी गाडीची विचारपूस करतात. चालू गाडीच्या बॉनेटवर पंजा ठेवून, पोराचा ताप बघावा तसे डोळे मिटून उभे राहतात. आपल्याला ऑफिसला उशीर होत असला तर तो आपला प्रश्न.

"गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हटलं, परवाच सर्व्हिसिंग केलंय. त्यांनी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून मला तरंग दाखवले. "एक सिलिंडर संपावर आहे. तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला संप काय माहीत म्हणा." प्लग बदलला आणि गाडी गप्प झाली. मला राग येतो तो याचाच.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत तेव्हा आयटीच्या पगारावर घरटी गाडी येत होती. काकांनी झाडून सगळ्यांची थरथर घालवली. त्यांची स्वतःची जुनी गाडी तेवढी सिग्नलला थांबली की दारांसकट हुडहुडायची. दिव्याखाली अंधार, असं आम्ही तोंडावर म्हणायचो. काका ऐकून घ्यायचे.

दिवाळीत त्यांचा मुलगा अमेरिकेतून आला. जुनी गाडी भंगारात काढली, नवी कोरी घेऊन दिली आणि परत गेला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी काका चिंचेखाली नव्या, चालू गाडीचं बॉनेट उघडून उभे. काकू पुढच्या सीटवर बसलेल्या.

"काय काका, नव्या गाडीलाही थरथर?"

"नाही हो. तीच पंचाईत आहे." काकांनी आवाज खाली आणला. "पोरगा पहिल्यांदा अमेरिकेला गेला तेव्हापासून हिला झोप नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले. त्या खटाऱ्यात मात्र खडकवासल्याला जाऊन येईपर्यंत गाढ झोपायची. म्हणून तर कधी दुरुस्त केली नाही. या गाडीत टक्क जागी असते."

आणि त्यांनी एका प्लगची वायर उपसली. इंजिन लंगडायला लागलं. सगळी गाडी बारीक थरथरू लागली. काचेवर चिंचेची सावली हलत होती. बघता बघता काकूंची मान खिडकीकडे कलली.

काका आवाज न करता स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मला एकदम फार माया दाटून आली. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"आलं का घर?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही अजून. झोप तू," काका म्हणाले आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी हळूच वळवलं.