नाकसाहेबांनी वाइन चाखली

"बूच नाही, काही नाही! खोकल्याच्या औषधासारखं झाकण!"

बाहेरच्या खोलीतली कुरकुर ऐकून बाई गालातल्या गालात हसल्या. नवाकोरा बूच-काढा परजत नाकसाहेब सकाळपासून सज्ज होते आणि जावयाने आणलेली ऑस्ट्रेलियन वाइन निघाली फिरकीच्या झाकणाची!

नाकसाहेब म्हणजे बाईंचे यजमान. चहाच्या कंपनीत उभी हयात त्यांनी नुसत्या वासावरून चहाची प्रत सांगितली, म्हणून हे नाव. पण गेल्या थंडीतल्या तापात ते नाकच बसलं ते बसलंच! परवा फिनाइलने पुसलेल्या खोलीत उभं राहून म्हणाले, "वा! फुलं आणलीस?" बाई म्हणाल्या, "हो." लेकीला कळलं, जावयाला कळलं. बोललं मात्र कोणी नाही. नाकाविना नाकसाहेब म्हणजे काट्यांविना घड्याळ!

जावई नवं हॉटेल काढत होता. त्यांचा मान राखायला म्हणाला, "बाबा, स्वस्तातली आहे, दोन जातींची द्राक्षं मिसळलेली. तुम्ही म्हणाल तरच ठेवतो."

"अगं, ये लवकर!" नाकसाहेबांनी हाक मारली. कॉफीसाठी दूध तापत ठेवून बाई लेक-जावयाशेजारी येऊन बसल्या.

नाकसाहेबांनी डोळे मिटून ग्लास हुंगला. "जांभूळ... मिरी... किंचित चॉकलेट!"

बाटलीमागचं लेबल बाईंनी मघाशीच वाचलं होतं. तिथे हेच छापलेलं, अगदी त्याच क्रमाने!

इतक्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता दुधाचं नाव काढणार कोण?

"मी पाणी आणते," बाई उठल्या.

"मी आणते!" लेक उठली.

"मला जरा एक फोन..." जावईही उठला.

नाकसाहेबांचा चेहरा पडला. "एवढं चुकीचं सांगतोय का रे मी?"

तिघंही झटकन खाली बसली!

दूध आटलं. मग पातेलं जळायला लागलं. लेकीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"काय झालं गं?"

"वाइन, बाबा! भरून आलं!"

जावई खोकून खोकून लाल झाला. "मिरी लागली! अगदी बरोबर ओळखलंत, बाबा!"

धाडधाड दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण पदराने नाक दाबून उभी! "अहो, जाळताय काय? अख्खा जिना वासाने भरलाय!"

बाई धावल्या. गॅस बंद करून परत आल्या. नाकसाहेब ग्लासात बघत बसलेले.

"जिन्यापर्यंत वास गेला," ते हळूच म्हणाले. "माझ्यापर्यंत नाही आला. मला वासच येत नाही गं. ताप आला होता ना, तेव्हापासून."

बाई त्यांना खेटून बसल्या. त्यांच्या हातातला ग्लास घेऊन त्यात नाक खुपसलं.

"द्या इकडे. आजपासून मी सांगत जाईन."

"जांभूळ येतंय का गं खरंच?" नाकसाहेबांनी आशेने विचारलं.

"कसलं जांभूळ! नुसतं जळकं पातेलं येतंय!"