स्टॅन वोयतालाचा सुटलेला झेल

ड्रेजर्स हा बेसबॉलचा संघ मालकाने पोर्ट अल्डेनमधून उचलून वाळवंटातल्या एका शहरात नेला, तेव्हा न्यायालयाने वाटणी करून दिली. खेळाडू वाळवंटाला, इतिहास पोर्ट अल्डेनला.

गावाला हा सौदा फायद्याचाच वाटला. इतिहासाचा खांदा निखळत नाही. दर शनिवारी निवेदक जुन्या वहीतून एक सामना वाचायचा आणि वीस हजार लोक रिकाम्या मैदानाकडे बघत, हॉट डॉग चावत, गळा फाडून ओरडायचे. अडचण एकच : संघ फार वेळा हरलेला होता. म्हणून अस्मिता विभाग स्थापन झाला.

विभागाच्या संचालिका मिस हॅडली यांनी लेऑन वोयतालाला बोलावून घेतलं. त्याचे वडील स्टॅन यांनी १९६१च्या निर्णायक सामन्यात, शेवटच्या म्हणजे नवव्या डावात, हातातला झेल सोडला होता.

"अभिनंदन, मिस्टर वोयताला. तुमच्या वडिलांनी तो झेल घेतला."

"कधी?"

"येत्या शनिवारी. लोकांची संमती मिळाली की."

"बाई, सुटला तो! मी नऊ वर्षांचा होतो, समोर बसलो होतो. पुढे तीस वर्षं लोक बेकरीत पाव फेकून म्हणायचे, 'घे स्टॅन, झेल!' बाबा पाव झेलायचे आणि हसायचे. रोज जायचे, त्याच बेकरीत. ते हसणं तुम्ही पुसणार?"

"आपण पुतळा बसवतोय. हातात चेंडू असलेला."

संमती त्या शनिवारी, १९६१चा सामना वाचताना, सातव्या डावात घेण्यात आली. सातव्या डावात पाय मोकळे करायला सगळं स्टेडियम उठतं. शंभर वर्षांचा रिवाज. लोक उठले आणि भोंगा म्हणाला, "मान्य असेल त्यांनी उभं राहावं."

लेऑन बसून राहिला.

"ऊठ की लेका, गुडघे आखडतील," शेजारचा गस म्हणाला. बेकरीतला पहिला पाव त्यानेच फेकला होता.

"गस, तूही पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं की. म्हणून काय बसून राहू?"

नवव्या डावात निवेदकाने आवाज चढवला, "चेंडू उंच... स्टॅन खाली आलाय..."

"सुटला!" लेऑन ओरडला.

दोन रखवालदारांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं. आत स्टॅनने झेल घेतला. माणसं ढसाढसा रडली.

सोमवारी विभागाने नोंद दुरुस्त केली : १९६१च्या त्या सामन्याला लेऑन वोयताला हजर नव्हता. त्यामुळे झेलाचा ठराव एकमताने मंजूर.

वाचून तुम्हाला चीड आली असेल. साहजिक आहे. तुम्ही आत्ता बसलेले आहात. सातवा डाव अजून यायचाय.