महालिंगप्पाच्या मनगटातला गंडा

"मेलो तरी दवाखान्याची गोळी गिळणार न्हाय!" दोन घोंगड्यांखाली कुडकुडत महालिंगप्पा म्हणाला.

निजामी अंमलातलं ते साल हिवतापाचं होतं. महालिंगप्पाचा थोरला भाऊ दवाखान्यात गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून हा हट्ट. शिवगंगानं नवऱ्याशी वाद घातला नाही. ती गंडेदोरे करणाऱ्या दादामियाँकडं गेली.

दुसऱ्या दिवशी दादामियाँनी येऊन महालिंगप्पाच्या मनगटात काळा गंडा बांधला आणि मंतरलेल्या गुळाच्या गोट्या दिल्या. "रोज सकाळी एक गिळायची. दात लावायचा न्हाय. दात लागला की गंड्याचा असर गेला."

ताप उतरू लागला. महालिंगप्पा काठी टेकत चावडीवर गेला. एवढा गुण देणारा गूळ एकट्यानं कसा खायचा? त्यानं उरलेल्या सगळ्या गोट्या प्रसाद म्हणून वाटल्या. दात लावू नका, हे सांगेपर्यंत चावडीवर बसलेल्या बलभीमनं कडाड्‌कन चावली होती.

"थू! थू! आरं, इख हाय ह्यात!" मग हातावर थुंकलेला चुरा बघून तो हसायलाच लागला. "इख न्हाय, दवाखान्याची गोळी हाय! आप्पा, कारभारणीनं गंडा घातला की रं तुला!"

सगळी चावडी हसली. महालिंगप्पा तणतणत दादामियाँकडं गेला. "फसवण्याला गंडा घालणं का म्हणत्यात, ते आज कळलं मला!"

दादामियाँ दोरा वळत होते. "आमच्यातल्याच कुणीतरी बिमार माणसाला नुसता दोरा बांधून लुबाडलं आसंल, म्हणून म्हणत आसतील. खरं खुदाला ठाऊक. तुझी बायको दोराच मागाय आल्ती. म्या म्हणलं, बेटी, नुसता दोरा बांधला तर ती फसवणूक. आधी गोळ्या घिऊन ये."

महालिंगप्पा आल्या पावली परत फिरला. घरी आला तर शिवगंगा दारातच उभी. गावची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"लई राग आला व्हय?"

"गोळ्या वाटून टाकल्या समद्या. ताप उलटला तर?"

"आणते की आणिक. पर घरातला गूळ संपलाय."

"गूळ नगं," महालिंगप्पा खाली बघत म्हणाला. "तशीच गिळतो."

पुढं निजामी गेली. बऱ्याच वर्षांनी शिवगंगाही गेली. मनगटातला दोरा विरला की म्हातारा तसाच नवा बांधून घ्यायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसा. बायकोनं फशिवलं, म्हणून तुमच्यासंगं बसलोय."